खांब दिसला पाहिजे

सातारा, सांगली, नगरकडच्या जुन्या रस्त्यांवर अजून कुठेकुठे वडाच्या रांगा टिकून आहेत. प्रत्येक खोडाला कमरेपर्यंत गेरू फासलेला आणि त्यात चुन्याचा पांढरा पट्टा. बांधकाम खात्याची ही जुनी रीत. वाळवी लागू नये म्हणून, झाड सरकारी मालकीचं आहे हे कळावं म्हणून, अशी कारणं सांगतात आणि ती असतीलही. पण पट्टा खरा कामाला येतो तो दिवस मावळल्यावर. गाडीच्या उजेडात वडाचं करडं खोड आणि मागचा अंधार यांत फरक उरत नाही. चुन्याचा पट्टा मात्र लांबून दिसतो, एकामागून एक दिसत जातो, आणि रस्ता पुढे कुठे वळतोय तेही कळतं. हे काम होतं ते चुना, गेरू आणि एक कुंचला एवढ्या भांडवलावर.

हीच युक्ती ब्रिटनमध्ये एकदा फार मोठ्या प्रमाणावर करावी लागली होती. १ सप्टेंबर १९३९ पासून तिथे ब्लॅकआउट सुरू झाला. रस्त्यावरचे दिवे बंद, मोटारींच्या दिव्यांवर झाकणं. जर्मन विमानं यायच्या आधीच माणसं रस्त्यावर मरायला लागली. मग पांढऱ्या रंगाचे डबे बाहेर निघाले. पदपथांच्या कडा, दिव्यांचे खांब, झाडांची खोडं, मोटारींचे मडगार्ड, जे जे आडवं येईल त्याला पट्टे मारले गेले. १९४० च्या फेब्रुवारीत वस्तीतल्या रस्त्यांवर रात्रीपुरती ताशी २० मैलांची वेगमर्यादा आली. एवढं करूनही १९४१ साली तिथे रस्त्यावर ९,१६९ माणसं गेली; त्या देशातला हा आजवरचा उच्चांक आहे. म्हणजे नुसता रंग तारून नेतो असं नाही. पण अंधारात उभी असलेली वस्तू दिसती करणं हे कुणाचं तरी काम आहे, हे त्या वेळी कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

आपल्याकडे मात्र ते अजून पटवावं लागतं. रुंदीकरणात रस्त्याकडेचे वड गेले आणि त्यांच्या जागी, खरं तर रस्त्याच्या मधोमध, खांब आले. उड्डाणपुलांचे, मेट्रोचे, पादचारी पुलांचे, दिशादर्शक कमानींचे, होर्डिंगच्या सांगाड्यांचे. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, मग नागपूरची, २०२२ मध्ये पुण्याची. पुण्याच्या कर्वे रस्त्यावर तर नळस्टॉपला खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो असा मजल्यांचा कारभार आहे, आणि ते सगळं ओझं दुभाजकात उभ्या असलेल्या खांबांवर. याखेरीज एक जात खास आपली: रस्ता रुंद झाला, डांबर पडलं, पण विजेचा खांब जुन्या कडेलाच, म्हणजे आता नव्या रस्त्याच्या पोटात उभा. तो हलवायचा कुणी, खर्च कुणाचा, यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार चालू असतो आणि तोवर दुचाकीवाले त्याला वळसा घालत असतात.

गंमत अशी की खांबाचं काम चालू असतं तेव्हा तो चांगला दिसतो. भोवती पट्ट्यापट्ट्यांचे पत्रे, वर लुकलुकणारे दिवे, हातात लाल झेंडी घेतलेला एखादा कंटाळलेला पोरगा. काम संपतं, पत्रे उचलले जातात, उद्घाटन होतं आणि खांब एकटा पडतो. काँक्रीटचा रंग आणि संध्याकाळच्या धुरकट रस्त्याचा रंग एकच. देशातले सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात होतात असं केंद्र सरकारचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. घरी परतायची घाई, दमलेले डोळे, ना धड उजेड ना धड अंधार. करडा खांब नेमका त्याच वेळी करड्या हवेत विरतो.

थोडा हिशेब करून बघू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते काय आहे हे उमगणं आणि पाय ब्रेकवर जाणं, याला आपल्याकडचे रस्ते-अभियंते अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी चाळीस मीटरच्या वर निघून गेलेली असते, ब्रेक अजून लागलेलाच नाही. ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत धरलं तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत ६० च्या वेगाला ८० मीटर आणि ८० च्या वेगाला १२० मीटर मोकळी नजर लागते. आता डिप्परवर असलेल्या गाडीचा कामाचा उजेड किती लांब जातो? पन्नास-साठ मीटर. समोरच्याने अप्पर मारला असेल तर तेवढाही नाही. शिवाय साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पडद्यापर्यंत पोचतो. नुसत्या काँक्रीटचा खांब त्याला दिसतो तेव्हा ब्रेक मारायची वेळ टळून गेलेली असते. हा हिशेब सरळ रस्त्याचा आहे. दुभाजक जिथे मध्येच संपतो, यू-टर्नसाठी फट सोडलेली असते, उड्डाणपूल जिथे वर चढायला लागतो आणि एका रस्त्याचे दोन होतात, किंवा खोदकामामुळे वाहतूक चार दिवस दुसरीकडून वळवलेली असते, तिथे खांब अपेक्षा नसताना पुढ्यात येतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी येतात. चालकाचा ताबा सुटल्याने भरधाव मोटार खांबावर आदळली. गुन्हा चालकावर दाखल होतो. तो वाचला नसला तरी होतो. खांबाला काय दिसत होतं हे कुणी विचारत नाही ते ठीक, पण खांब दिसत होता का, हेही कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, पट्टे तर असतात की! पिवळे-काळे, चांगले छातीएवढे. असतात. दिवसा. मुद्दा तिथेच आहे. बहुतेक ठिकाणी हे पट्टे साध्या ऑइलपेंटचे असतात. दिवसा सुरेख दिसतात, ठेकेदाराच्या बिलाला जोडायच्या फोटोत तर फारच सुरेख. पण ऑइलपेंटवर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, गाडीकडे त्यातला नावापुरता परत येतो. आणि पिवळ्यावर सहा महिन्यांची धूळ, डिझेलची काजळी आणि पावसाळ्यात टायरांनी उडवलेला चिखल बसला की उरलासुरला फरकही जातो. रात्री पाहिजे तो वेगळा पदार्थ: आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवणारा. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ नावाच्या माणसाने १९३४ मध्ये रस्त्यात बसवायच्या 'कॅट्स आय'चं पेटंट घेतलं ते याच तत्त्वावर. काचेच्या बारीक मण्यात किरण शिरतो, वाकतो, मागच्या भिंतीवर आपटतो आणि ज्या दिव्यातून निघाला त्याच दिशेने फिरतो. ड्रायव्हरचे डोळे दिव्यांच्या थोडेच वर असतात, त्यामुळे तो त्यालाच दिसतो. नव्याने आखलेल्या थर्मोप्लास्टिकच्या पट्ट्यावरून बोट फिरवून बघा, बारीक रव्यासारखं काहीतरी हाताला लागतं. ते हे मणी. गरम पट्ट्यावर ते वरून पेरतात. खांबासाठी याच कुळातली चिकटपट्टी मिळते. बाजारात तिला सगळे 'रेडियम' म्हणतात, रेडियमचा तिच्याशी काही संबंध नसला तरी. नंबरप्लेटच्या कुठल्याही टपरीवर ती असते. हलकी मिळते, चांगलीही मिळते. सूक्ष्म लोलकांची भारी पट्टी जास्त लांबून चमकते. रस्त्यावर आडव्या मारलेल्या पट्ट्यावर पावसाचं पाणी साचलं की मणी बुडतात आणि उजेड वरच्यावर निसटतो. खांब उभा असल्याने त्यावरचं पाणी ओघळून जातं. म्हणजे मुसळधार रात्री रस्त्यावरच्या पट्ट्यापेक्षा खांबावरची पट्टी जास्त भरवशाची. हा फायदा निसर्गाने फुकट दिलाय आणि आपण ऑइलपेंट मारून तो घालवतो.

खांबावरचा पट्टा खरा की शोभेचा, हे तपासायला अभियंता लागत नाही. रात्री जेवणानंतर फिरायला जाता ना, तेव्हा बॅटरी बरोबर घ्या, मोबाइलची चालेल. खांबापासून तीस-चाळीस पावलांवर सुरक्षित जागी, पदपथावर उभे राहा. बॅटरी कानशिलाशी, डोळ्याच्या अगदी बाजूला धरा आणि खांबावर रोखा. छातीशी धरून उपयोग नाही, कारण परत येणारा उजेड बॅटरीकडेच येतो, म्हणून डोळा तिच्या शेजारी पाहिजे. पट्टी खरी असेल तर ती एकदम पेटल्यासारखी दिसेल. नसेल तर पिवळं आणि काळं दोन्ही सारखंच मळकट दिसेल. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही हे करून बघता येतं. तिथल्या खांबांच्या कोपऱ्यांवर गाड्यांच्या दारांचे निळे-लाल ओरखडे कोणत्या उंचीवर आहेत तेही जाता जाता बघा. पट्टा कुठे हवा होता ते त्या ओरखड्यांनीच लिहून ठेवलेलं असतं.

आता पट्ट्याची दिशा. तिरपे पट्टे हौसेने मारलेले नसतात. ज्या बाजूने गाडीने जायचं त्या बाजूला पट्टे उतरते हवेत. खांब दुभाजकात असेल आणि आपण त्याच्या डावीकडून जाणार असू, तर पट्टे डावीकडे उतरले पाहिजेत. दोन्हीकडून जाता येत असेल, उदाहरणार्थ उड्डाणपुलाच्या तोंडाशी, तर मधून दोन्ही बाजूंना. डोळा ही खूण वाचण्याआधीच हात स्टिअरिंगवर तिकडे वळतो, असा त्यामागचा हिशेब. पण रंगाऱ्याला स्टेन्सिल दिलेलं नसतं आणि सांगणारंही कुणी उभं नसतं. तो बिचारा जसं जमेल तसं मारत जातो. एकाच रस्त्यावर ओळीने दोन खांबांचे पट्टे उलटसुलट उतरलेले बघायला फार लांब जावं लागत नाही.

याहून मोठा शत्रू आहे हाताची उंची. डिप्परचा उजेड जिथे पडतो ती उंची आणि पोस्टर चिकटवणाऱ्या माणसाचा हात सहज पोचतो ती उंची एकच आहे. त्यामुळे मोक्याच्या जागी, बरोबर पट्ट्यावर, क्लासच्या जाहिराती, 'घरबसल्या कमवा', भाड्याने खोली, मूळव्याधीवर हमखास इलाज, आणि वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. वाढदिवस भाऊंचा आणि झाकला जातो खांब. महापालिका मग खांब सुंदर करायला घेते. चित्रं काढते, कुंड्यांची उभी बाग लावते, प्रकाशित जाहिरातींच्या पेट्या लावायला ठेका देते. चित्रांना माझा विरोध नाही, शहराला रंग हवाच. पण जमिनीपासून छातीपर्यंतची जागा चित्रकाराची नाही, माळ्याची नाही आणि जाहिरातदाराची तर अजिबात नाही. वर काय करायचं ते करा.

एवढं सगळं पट्ट्याबद्दल बोललो, पण पट्टा हा शेवटचा उपाय आहे हेही सांगायला हवं. अमेरिकेतले रस्ते-अभियंते कडेच्या अडथळ्यांबाबत एक उतरंड पाळतात. अडथळा काढून टाका. नाही जमत, तर त्याची रचना अशी बदला की आदळणारी गाडी निभावून जाईल. नाहीतर तो रस्त्यापासून लांब न्या. तेही नाही, तर तो धक्क्याने मोडून पडेल असा करा, दिव्याचे पुष्कळ खांब असे असतात. तेही शक्य नसेल तर त्याच्यापुढे कठडा घाला. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर निदान तो ठळक दिसेल असा करा. आपल्याकडे ही उतरंड शेवटच्या पायरीपासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते. मेट्रोचा खांब काढता येत नाही, हलवता येत नाही, मोडून पडेल असाही करता येत नाही, हे मान्य. मग कठडा आणि पट्टा या दोनच गोष्टी हातात राहतात. त्या दोन तरी धड करायला काय हरकत आहे?

३१ ऑगस्ट १९९७ च्या मध्यरात्री पॅरिसमध्ये पाँ द लाल्मा या भुयारी मार्गातल्या तेराव्या खांबावर राजकन्या डायना यांची मोटार आदळली. चालक प्यायलेला होता आणि ५० ची मर्यादा असताना वेग ताशी शंभराच्या आसपास होता, हे दोन देशांच्या चौकश्यांत निघालं. जगाने पाठलाग करणारे छायाचित्रकार बघितले, चालकाची दारू बघितली, राजघराणं बघितलं. खांबांच्या रांगेपुढे साधा लोखंडी कठडा नव्हता, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. कठडा असता तर गाडी घासत गेली असती. खांबाने ती जागच्या जागी थांबवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वीडनच्या संसदेने 'व्हिजन झिरो' हे धोरण मंजूर केलं. त्याचं सार असं की माणूस चुकणारच, तेव्हा त्याची चूक जिवावर बेतणार नाही असा रस्ता बांधणं ही बांधणाऱ्याची जबाबदारी.

आपल्याकडचं उदाहरण ४ सप्टेंबर २०२२ चं. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. भर दुपारी. मागच्या सीटवर दोघांनी सीटबेल्टचा पट्टा लावला नव्हता, हे खरं, आणि त्यावर देशभर चर्चा झाली; मागच्या सीटचा पट्टा लोक थोडेफार लावू लागले हेही चांगलंच. पण महामार्गाच्या तीन मार्गिका त्या पुलाशी येऊन दोन होतात आणि तिसरीच्या वाटेत कठड्याचं टोक उभं राहतं, यावर त्या मानाने कमी बोललं गेलं. भर दुपारी ही गत, मग रात्रीचं काय सांगावं!

'प्यालेल्याला आणि भन्नाट हाकणाऱ्याला कसला दिसतोय तुमचा पट्टा,' असं यावर नेहमी ऐकू येतं. त्याला दिसेल अशी हमी मी देत नाही. पण रात्री साडेदहाला शेवटची शिफ्ट संपवून स्कूटरवर निघालेली नर्स, पावसात चष्मा पुसत चाललेला रिक्षावाला, अनोळखी शहरात पत्ता शोधणारा टेम्पोवाला, हे कुणी प्यालेले नसतात. पट्टा त्यांच्यासाठी आहे. बेफिकीर माणसाच्या नावावर सावध माणसाला अंधारात ठेवायचं, हा कुठला न्याय? देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातला प्रत्येक जण आपल्याच चुकीने गेला, असं मानणं सोयीचं आहे, कारण मग बाकी कुणाला काही करावं लागत नाही.

कायदा तसं मानत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याचा आराखडा, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित अधिकारी यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम हास्यास्पद आहे, एका खांबाच्या सळईचाही तेवढ्यात खर्च निघणार नाही. तरी तत्त्व कागदावर आलं: रस्त्यात अडथळा उभा करणाऱ्याने तो दिसेल याची सोय केली पाहिजे. पोलिसांच्या पंचनाम्यात पट्टा होता का, कठडा होता का, दिवा चालू होता का, एवढे तीन रकाने आले तरी हे कलम जिवंत होईल.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. मागून उसाचे शेंडे लोंबत असतात, दिवा नाही, काही नाही. दुचाकी थेट आत शिरायची. आता हंगामाच्या तोंडावर पोलिस आणि परिवहन खातं कारखान्याच्या गेटवर, काट्यावर उभं राहून ट्रॉल्यांना कापडी रिफ्लेक्टर बांधतात. सगळ्यांना बांधले जातात असं नाही, पण बांधले जातात. हलती ट्रॉली शोधून तिला रिफ्लेक्टर बांधता येतो, तर जागचा न हलणारा खांब काही पळून जात नाही.

तेव्हा आज रात्री बॅटरी घेऊन घराजवळच्या खांबापर्यंत जाऊन या. पट्टी पेटली नाही, पट्टे उलट उतरलेले दिसले किंवा वर पोस्टर सापडलं, तर फोटो काढा आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला किंवा ज्याचा खांब असेल त्या यंत्रणेला लेखी कळवा. मेट्रोच्या आणि पुलांच्या बऱ्याच खांबांवर क्रमांक असतो. तक्रारीत तो लिहा, म्हणजे खांब नेमका कुठे आहे हे सापडत नसल्याचं कारण कुणाला देता येणार नाही.